मजुरीबरोबर मालकी

कामकऱ्यास केवळ मजुरी पुरत नाही. मान व नफ्यात वाटा मिळाला म्हणजे तो काम आपले समजून करतो. मुंबईचा लिज्जत पापड उद्योग हे याचे उत्तम उदाहरण होय. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात ७ भगिनींनी ८० रुपये उसने घेऊन तो आरंभिला. १९६१ साली मालाड उपनगरात शाखा काढण्याचा प्रयत्न फसला, तरी त्या खचल्या नाहीत. भगिनी भिजवलेले पीठ घरी नेतात व पापड लाटून, वाळवून परत आणतात. तपासणीनंतर मजुरी मिळते. प्रत्येक सभासद मालकीण असल्याने नफ्यातोट्यात तिचा वाटा असतो. खराब पापडाने आपलेच गिऱ्हाईक तुटेल, हे ती जाणते. म्हणूनच माल स्पर्धेत टिकतो. ग्रामसेवकांनी महिला मंडळाचा उद्योग काढताना प्रथम नफ्याची वाटणी ठरवावी व हिशेब सर्वांपुढे मांडावा.