स्पर्धेचे पिस्तूल आणि संरक्षणाचे पिस्तूल

पुण्याच्या उत्तरेस आळंदी रस्त्यावर विश्रांतवाडी वसलेली आहे. एका अंगास खडकीचा १८६९ साली स्थापन झालेला दारूगोळा कारखाना, दुसऱ्या अंगास लोहगावचा विमानतळ आणि आळंदीच्या दिशेने कळस-दिघीच्या संरक्षण आस्थापना, असा हा परिसर आहे. शस्त्र ही वस्तू येथील जुन्या रहिवाशांना केवळ चित्रपटातून ठाऊक झालेली नाही. सेनादलातून निवृत्त झालेल्या एखाद्या गृहस्थाच्या मनात परवाना काढण्याचा विचार येतो, त्याच घरातील मुलगी शाळेतून नेमबाजीची आवड घेऊन येते आणि मग असा हिशेब मांडला जातो की, एकच चांगले अर्धस्वयंचलित पिस्तूल घ्यावे. ते स्पर्धेलाही चालेल आणि संरक्षणासाठी जवळही बाळगता येईल. हिशेब वरवर काटकसरीचा दिसतो. परंतु ही दोन्ही कामे नीट करील असे एक पिस्तूल सामान्य नागरिकास आपल्याकडे मिळत नाही. ते का मिळत नाही, हे अर्ज भरण्यापूर्वीच समजून घेणे इष्ट ठरते.

तत्त्व एक, कामे दोन

अर्धस्वयंचलित पिस्तुलाचे तत्त्व सोपे आहे. चाप ओढला की काडतुसातील दारू पेटते. तिच्या वायूचा दाब गोळीला नळीतून पुढे ढकलतो आणि त्याच दाबाची प्रतिक्रिया पिस्तुलाच्या सरकत्या भागाला मागे लोटते. मागे जाताना हा भाग रिकामी पुंगळी बाहेर फेकतो आणि स्प्रिंगच्या जोराने पुढे येताना मॅगझिनमधील नवे काडतूस नळीत बसवितो. पुढची गोळी सोडण्यासाठी मात्र चाप पुन्हा ओढावाच लागतो, म्हणून ते अर्धस्वयंचलित. येथपर्यंत दोन्ही पिस्तुले सारखीच. पुढे त्यांच्या वाटा वेगळ्या होतात.

महिलांच्या २५ मीटर पिस्तूल स्पर्धेचे उदाहरण घेऊ. येथे .२२ म्हणजे ५.६ मिलिमीटर व्यासाचे पिस्तूल लागते. साठ गोळ्यांपैकी तीस अचूकतेच्या व तीस जलद फेरीच्या असतात. अचूकतेच्या फेरीत दहा गुणांचे वर्तुळ अवघे ५० मिलिमीटर व्यासाचे असते. जलद फेरीत प्रत्येक गोळीसाठी ३ सेकंद मिळतात. तेवढ्यात हात खालून वर आणून, दुसऱ्या हाताचा आधार न घेता, नेम साधावयाचा असतो. पिस्तुलाचे वजन १४०० ग्रॅमपेक्षा अधिक चालत नाही आणि ते ३०० × १५० × ५० मिलिमीटरच्या पेटीत मावावे लागते. चाप किमान १००० ग्रॅमचा हवा. त्याची तपासणी मोठी गमतीची असते: नळी उभी धरून चापाला तेवढे वजन लटकवितात आणि चाप न सुटता ते वजन उचलले गेले पाहिजे. लाकडी मूठ खेळाडूच्या पंज्यानुसार घासून-कोरून बसविलेली असते. बहिणीची मूठ भावाला चालत नाही, मग वडिलांची तर बातच नको.

हीच गुणवैशिष्ट्ये संरक्षणाच्या शस्त्रात दोष ठरतात. कमरेला बाळगावयाचे पिस्तूल आटोपशीर, हलके, कपड्यात न अडकणारे हवे. त्याचा चाप मुद्दाम जड ठेवलेला असतो, साधारण अडीच किलोच्या आसपास. कारण घाईत, घामेजल्या बोटाने, नको त्या क्षणी तो सुटता कामा नये. आखूड नळी आणि ओबडधोबड नेमखुणा जवळच्या अंतराला पुरतात. स्पर्धेचा हलका चाप खिशात घेऊन फिरणे म्हणजे घरच्यांच्या जिवाशी खेळ होय.

कोणी म्हणेल की, सेंटर फायर या स्पर्धाप्रकारात ७.६२ ते ९.६५ मिलिमीटर व्यास चालतो, तेव्हा संरक्षणाचे .३२ पिस्तूल नियमात बसते. व्यासापुरते ते खरे आहे. परंतु या प्रकारातले नेमबाज सामान्यतः .३२ लाँग जातीचे, सपाट तोंडाच्या गोळीचे काडतूस वापरतात, कारण त्याने कागदावर स्वच्छ गोल छिद्र पडते; आणि त्यासाठी लांब नळीची, वेगळ्या बांधणीची पिस्तुले असतात. शिवाय हा प्रकार ऑलिंपिकमध्ये नाही.

कायदा काय म्हणतो

शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांनी हा भेद अधिकच पक्का केला आहे. परवान्यावर शस्त्राचे प्रयोजन नमूद होते. सैन्य व पोलीस दलांच्या वापरातील ९ मिलिमीटर व्यास सामान्य नागरिकासाठी निषिद्ध वर्गात मोडतो. म्हणून संरक्षणासाठी परवाना मिळालेल्या व्यक्तीपुढे बहुधा .३२ चा पर्याय उरतो. कानपूर येथे याच व्यासाची रिव्हॉल्व्हरे बनतात. २०१४ मध्ये महिलांना नजरेसमोर ठेवून तयार झालेले सुमारे ५०० ग्रॅमचे 'निर्भीक' त्यांपैकीच एक.

अधिनियमाच्या कलम १३ मधील एक बारकावा ग्रामपंचायत सदस्यांनी अवश्य ध्यानात घ्यावा. पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक किंवा मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला नेमबाजीच्या सरावासाठी लागणारे अग्निशस्त्र यांचा कायद्यात स्वतंत्र उल्लेख आहे. संरक्षणाच्या पिस्तुलाचा तसा नाही. त्यासाठी अर्जदारास सबळ कारण आहे, अशी परवाना प्राधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. हे प्राधिकारी पुणे शहरात पोलीस आयुक्त व ग्रामीण भागात जिल्हाधिकारी असतात. 'मुलीच्या खेळासाठी आणि शेतावर जाताना सोबत' असे दुहेरी कारण लिहिल्याने अर्ज बळकट न होता उलट संदिग्ध होतो.

२०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली, परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली, आणि लग्नवरातीत वा मिरवणुकीत बेपर्वाईने हवेत गोळीबार करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या. गुणपात्रता सिद्ध केलेल्या नेमबाजांना संख्येत व काडतुसांत वेगळ्या सवलती आहेत. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने त्या वाढविल्या. सवलत मिळते ती आधी मिळविलेल्या गुणांवर, हौसेवर नव्हे.

अमेरिकेत एकच पिस्तूल कमरेला लावून त्यानेच स्पर्धा खेळण्याची पद्धत रूढ आहे. म्यानातून पिस्तूल काढून, धावत-वळत नेम साधण्याच्या या प्रकाराची आंतरराष्ट्रीय संघटना १९७६ मध्ये तेथील मिसूरी राज्यात स्थापन झाली. तिकडचा सल्ला आपल्या तरुणांपर्यंत सहज पोहोचतो, परंतु त्यामागचा कायदा आणि बाजार तिकडेच राहतो.

मुलीने सुरुवात कशाने करावी

ज्या घरात खेळाची आवड उपजली आहे, तेथे परवान्याची घाई मुळीच नको. १० मीटर स्पर्धेचे ४.५ मिलिमीटर व्यासाचे हवेचे पिस्तूल २० ज्यूलच्या मर्यादेत असल्यास त्यास परवाना लागत नाही. त्याचा चाप ५०० ग्रॅमचा आणि दहा गुणांचे वर्तुळ ११.५ मिलिमीटरचे. हात स्थिर राखणे, श्वास आवरणे, चाप झटका न देता दाबणे, हे सारे त्यावरच शिकता येते. पहिली काही वर्षे क्लबचे पिस्तूल वापरून पाहिल्याशिवाय स्वतःचे घेऊच नये, हे उत्तम. यंत्र कितीही महाग असले तरी बिघडतेच. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली मनू भाकर यांचे हवेचे पिस्तूल पात्रता फेरीतच बिघडले, मोलाची मिनिटे गेली आणि अंतिम फेरी थोडक्यात हुकली. देखभाल व सुटे भाग कोठे मिळतील, हा प्रश्न म्हणूनच किमतीच्या आधी विचारावा.

विश्रांतवाडीच्या मुलीला त्यासाठी शहर सोडावे लागत नाही. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेल्या बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात नेमबाजीचे मैदान आहे. पुण्यातच २००८ साली भरलेल्या राष्ट्रकुल युवा स्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी सुवर्णपदक मिळविले. पुढे २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण जिंकून, त्या स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. पॅरिस येथे २०२४ मध्ये रायफलचे कांस्यपदक जिंकणारे कांबळवाडीचे स्वप्नील कुसळे हे शिक्षकाचे पुत्र, आणि राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आलेले. शिक्षकांनी ही वाट पालकांना दाखवावी. राष्ट्रीय रायफल संघटनेची स्थापना १९५१ ची. तिच्या उभारणीत पुढाकार घेणारे लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर यांच्या नावाने अखिल भारतीय स्पर्धा भरते आणि ती राष्ट्रीय स्पर्धेची एक पायरी समजली जाते.

आणखी एका प्रसंगी ही गल्लत होते. परवानाधारक वडील निवर्तले की त्यांचे पिस्तूल कपाटात तसेच राहते आणि घरातील मुलाला वाटते, आता हे सरावाला नेता येईल. तसे नेता येत नाही. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर शस्त्र व काडतुसे विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागतात. वारसास ते हवे असल्यास त्याने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या कारणासह नवा अर्ज करावयाचा असतो. अशा घरी भेटीस जाणाऱ्या सरपंचाने वा पोलीस पाटलाने सांत्वनानंतर ही गोष्ट हलकेच विचारण्यास हरकत नाही.