पाटीवर राहून गेलेली नावे

काही वर्षांपूर्वी एका कचेरीत कामानिमित्त जाण्याचा प्रसंग आला. दाराशी लाकडी पाटीवर कारकुनांची नावे आणि त्यांच्याकडील कामे रंगविलेली होती. एक वृद्ध शेतकरी त्यांतील तिसरे नाव कोणाकडून तरी वाचून घेऊन त्या गृहस्थांची वाट पाहत बाकावर बसला होता. दुपार टळल्यावर शिपायाने सांगितले की, ते गृहस्थ सेवानिवृत्त होऊन चार वर्षे लोटली! कचेरीचे काम सुरळीत चालू होते; पाटी मात्र कोणी पुसली नव्हती.

विद्यार्थिमित्रांनो, संगणकाच्या आज्ञावलींतही अशा पाट्या असतात, आणि त्या पुसणे दिसते तितके सोपे नाही. हे आमच्या एका माजी विद्यार्थ्याकडून ऐकले, तेव्हा माझ्यासारख्या कलाशाखेच्या पदवीधरालाही नवल वाटले. गणितापेक्षा भाषेशीच या विषयाचे नाते अधिक जवळचे आहे, असे माझे मत झाले.

लिस्प ही आज्ञावली लिहिण्याची एक जुनी भाषा. अमेरिकेतील जॉन मॅकार्थी या शास्त्रज्ञांनी ती १९५८ साली योजिली. पुढे तिच्या अनेक शाखा झाल्या, आणि त्यांतून घडलेल्या ‘कॉमन लिस्प’चे अधिकृत प्रमाण १९९४ साली ठरले. माणसाने लिहिलेला मजकूर यंत्राच्या आज्ञांत उतरविणाऱ्या साधनास कंपायलर म्हणतात. कॉमन लिस्पचा असा एक नामांकित कंपायलर म्हणजे ‘स्टील बँक कॉमन लिस्प’. कार्नेगी-मेलन विद्यापीठात वाढलेल्या जुन्या कंपायलरपासून विल्यम न्यूमन यांनी तो १९९९ साली वेगळा काढला. कार्नेगी पोलादाचे धनी, मेलन पेढीचे; म्हणून हे गमतीदार नाव! हा कंपायलर बहुतांशी लिस्पमध्येच लिहिलेला आहे.

आता पॅकेज म्हणजे काय ते पाहू. माझ्या घरी कोकणी चालते. तेथे ‘उदक’ म्हटले की पिण्याचे पाणी समोर येते. शाळेतील मराठीत मात्र उदक सोडले जाते. करजगीच्या बाजारात ‘ऊर’ ऐकू आले, तर कन्नड बोलणाऱ्याच्या मनात गाव उभे राहते आणि मराठी बोलणाऱ्याच्या मनात छाती. शब्द एक, घरे दोन. लिस्पमध्ये अशा घरालाच पॅकेज म्हणतात. एकाच नावाचे दोन शब्द दोन पॅकेजांत सुखाने नांदतात. घरातील काही नावे घरापुरती, तर काही बाहेरच्यांसाठी जाहीर केलेली. या जाहीर करण्यास निर्यात म्हणतात. निर्यात नाव बाहेरून उच्चारताना पॅकेज आणि नाव यांमध्ये एक अपूर्णविराम देतात. घरापुरते नाव हवेच असेल, तर दोन द्यावे लागतात. म्हणजे जणू मागील दाराने प्रवेश!

गोम अशी की, लिस्पमध्ये नाव निर्यात करण्यासाठी त्याला काही अर्थ असावाच लागतो असे नाही. नुसते नाव असले की पुरे. एखादे कार्य करणारा भाग कोणी काढून टाकला आणि यादीतील नाव तसेच राहिले, तरी यंत्र तक्रार करीत नाही. कंपायलरच्या मूळ लेखनात पॅकेजांची आणि त्यांच्या निर्यात नावांची मोठी यादी एकत्र लिहिलेली असते. कारण लिस्प मजकूर वाचतानाच प्रत्येक नाव कोणत्या घरचे हे ठरविते, आणि म्हणून घरे आधी उभी असावी लागतात. वर्षानुवर्षे अनेकांचे हात लागलेल्या अशा यादीत निवृत्त कारकुनांची नावे साचत जातात.

कोणी म्हणेल, राहिली तर बिघडले काय? बिघडते ते असे. एखाद्याने ते पॅकेज आपल्या पॅकेजात सामावून घेतले आणि नेमक्या त्याच नावाचे स्वतःचे कार्य लिहावयास घेतले, तर त्याच्या हाती येते ते कंपायलरच्या घरचे नाव. या कंपायलरने आपल्या पॅकेजांना कुलूप घातलेले असते. म्हणून ज्या नावाला काडीचाही अर्थ उरलेला नाही, त्याच्यापायी त्या बिचाऱ्याचे काम अडते. शिवाय यादी वाचून ते कार्य शोधत बसणारा नवखा माणूस त्या बाकावरील शेतकऱ्यासारखाच.

तर मग पुसून टाकावे. पण कोणते? प्रथम तयार झालेल्या कंपायलरलाच विचारता येते: अमुक नावाला मूल्य आहे काय, त्याखाली एखादे कार्य आहे काय, ते एखाद्या प्रकाराचे नाव आहे काय? सर्व उत्तरे नकारार्थी आली की संशय बळावतो, परंतु निकाल लागत नाही. एका जातीच्या यंत्रावर निरुपयोगी दिसणारे नाव दुसऱ्या जातीच्या यंत्रावर आवश्यक असू शकते. कारण लेखनातील काही भाग यंत्र पाहूनच वाचले वा वगळले जातात. काही नावे तर केवळ कंपायलर बांधला जात असतानाच लागतात. उलट, मजकुरात नाव शोधून सापडले नाही म्हणून ते मृत, असेही नव्हे. ‘विद्यार्थी’ नावाची रचना घोषित केली की लिस्प ‘मेक-विद्यार्थी’, ‘कॉपी-विद्यार्थी’ अशी कार्ये स्वतःच निर्माण करते; ती नावे घोषणेत अक्षरशः लिहिलेली नसतात. आपल्या व्याकरणात धातूवरून रूपे सिद्ध होतात, त्यातलाच हा प्रकार. काही नावे तर अक्षरे जोडून आयत्या वेळी बनविली जातात. ती कोणत्याही शोधात सापडत नाहीत.

यासाठी थोडी थोडी नावे काढावीत, दर वेळी कंपायलर मुळापासून पुन्हा बांधावा, निरनिराळ्या यंत्रांवर चाचण्या घ्याव्यात. आतील कोणी ते नाव एका अपूर्णविरामाने वापरीत असेल, तर वाचतानाच चूक पकडली जाते; ही मोठी सोय. जे नाव आपल्याच पॅकेजात वापरात आहे, पण बाहेर कोणास लागत नाही, ते पुसावयाचे नसते. त्याची केवळ निर्यात रद्द करावयाची. कारकून कामावर आहे, फक्त लोकांना त्याच्याकडे पाठवू नये, इतकेच.

खरी अडचण बाहेरच्या लोकांसाठी मुद्दाम जाहीर केलेल्या नावांची. १ नोव्हेंबर २०१४ रोजी आपल्या जिल्ह्याचे गुलबर्गा हे नाव जाऊन कलबुर्गी झाले. पण गुलबर्गा विद्यापीठाच्या नावात जुने नाव राहिलेच, आणि घरोघरच्या जुन्या कागदांतही ते आहे. ते कागद रातोरात रद्द ठरविले असते तर केवढा अनर्थ झाला असता! या कंपायलरात अशा नावांना तीन पायऱ्यांनी निरोप देण्याची व्यवस्था आहे: आरंभी सौम्य सूचना, नंतर स्पष्ट इशारा, आणि अखेरीस ते नाव वापरल्यास आज्ञावली चालू असतानाच त्रुटी. या पायऱ्यांमध्ये किती काळ जाऊ द्यावा, हे मात्र यंत्र सांगत नाही. ते यादी राखणाऱ्या माणसांनाच ठरवावे लागते.