रास्त कमाई (लेखांक ७) : मालक सापडत नसेल तर

गेल्या आठवड्यात किमान वेतनाचा हिशेब मांडला. तो मांडताना मी एक गोष्ट सोयीस्करपणे गृहीत धरली होती, ती म्हणजे कामगाराला मालक असतो. बाजार समितीच्या आवारात पाऊल टाकलं की हे गृहीतक डळमळतं.

हमाल सकाळी एका गाळ्यावर कांद्याच्या गोणी उतरवतो, दुपारी दुसऱ्याच गाळ्यावर गुळाची थप्पी लावतो. पाठीत उसण भरली तर औषधपाणी कोणी करायचं? आडत्या म्हणतो, माल शेतकऱ्याचा. ट्रकवाला म्हणतो, मी नुसता भाड्याचा धनी. कामगार कायदे मालक आणि नोकर अशा जोडीसाठी लिहिलेले. इथे नोकर डोळ्यांसमोर घाम गाळतोय आणि मालकाच्या जागी एकमेकांकडे बोट दाखवणारी माणसं उभी आहेत.

मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना संघटित केलं. पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायत उभी राहिली. माथाडींच्या लढ्यातून १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा आला. मला त्यातली खुबी अशी वाटते, की त्याने एकच एक मालक शोधण्याचा नादच सोडला. मध्ये एक मंडळ बसवलं, त्यात सरकार, व्यापारी आणि कामगार अशा तिघांचे प्रतिनिधी. व्यापाऱ्याने मंडळात नोंद करायची, हमालांच्या टोळीचीही नोंद. मजुरी हातावर टेकवायची नाही, ती लेव्हीसह मंडळात भरायची. मंडळ मजुरी वाटतं आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचा पगार, दवाखाना यांची सोय करतं. लेव्हीचा दर मंडळागणिक वेगळा, पण बऱ्याच ठिकाणी तो मजुरीच्या तीस टक्क्यांच्या वर. दहा गाळ्यांवर विखुरलेली हमाली अशी एका खात्यावर जमा झाली, आणि पाठीवरच्या ओझ्याला पहिल्यांदा ‘सेवा’ असं नाव मिळालं.

ओझं मात्र तेवढंच राहिलं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ सालीच प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोंची मर्यादा सुचवली होती. आपल्या बाजारांत त्यानंतरही वर्षानुवर्षं शंभर किलोंचं पोतं चालत राहिलं. मणका काही लेव्हीतून भरून मिळत नाही.

कायद्याला कीडही लागली. काम न करता माथाडीच्या नावावर कारखानदारांकडून पैसे उकळणाऱ्या टोळ्या पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात निघाल्या. कारखानदारांची ही तक्रार खरी आहे, पण खंडणीखोरासाठी पोलीस असतात. त्याच्या निमित्ताने मंडळच मोडायला निघालेल्यांचा हेतू मला तितका साफ वाटत नाही.

आता ते बाजाराचं आवार मोबाइलमध्ये आलंय. जेवणाचे डबे पोचवणारा पोरगा तीन ॲपवर काम करतो आणि तिन्ही कंपन्या त्याला ‘भागीदार’ म्हणतात. नफ्यात वाटा नसलेला भागीदार आमच्या गावच्या किराणा दुकानातसुद्धा कधी पाहिला नाही! राजस्थानने २०२३ मध्ये अशा कामगारांसाठी कायदा केला : मंडळ, नोंदणी आणि प्रत्येक व्यवहारावर दोन टक्क्यांपर्यंत शुल्क. सांगाडा माथाडी मंडळाचाच, फक्त तीसच्या जागी दोन. दोन टक्के व्यवहाराच्या रकमेवर असल्याने सरळ तुलना होत नाही, हे खरं. तरी तेवढ्यात म्हातारपणाची पुंजी साठणं अवघडच. वास्तविक हिशेब ठेवणं आता किती सोपं झालंय! माथाडी मंडळाच्या कारकुनाला टोळीगणिक जी नोंद हाताने उतरवावी लागे, ती इथे पोरगा जिना उतरायच्या आत कंपनीकडे पोचलेली असते.