एक शनिवार गल्लीच्या नावे!

कॉलेजातलं एनएसएस आठवतंय? दोन वर्षांत 240 तास भरायचे, सात दिवसांचा कॅम्प, गावात श्रमदान, रात्री गाण्यांच्या भेंड्या आणि शेवटी सर्टिफिकेट. खरं सांगा, आपल्यातले निम्मे जण मार्कांच्या सवलतीसाठीच गेले होते ना? पण गेलो होतो! गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, 1969 मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेल्या या योजनेने लाखो मुलांच्या हातात फावडं दिलं. मग नोकरी लागली, लोकल आली, डेडलाइन आली आणि आपल्यातला स्वयंसेवक पंचविशीतच रिटायर झाला.

माझाही झाला होता. एका रविवारी गल्लीच्या तोंडाशी साचलेल्या कचऱ्याचा फोटो काढून मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली तावातावाने लिहिलं, 'हे कधी सुधारणार?' पाच मिनिटांत तळमजल्यावरच्या काकूंचा मेसेज आला, 'फोटोत डावीकडे तुझ्याच बिर्याणीचा डबा दिसतोय. शनिवारी एएलएमच्या मीटिंगला ये.'

आता आली का पंचाईत!

एएलएम म्हणजे काय भाऊ?

अॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट. मराठीत, प्रगत परिसर व्यवस्थापन. मुंबई महापालिकेने 1997 मध्ये ही कल्पना उचलून धरली. घाटकोपरची जोशी लेन हे तिचं गाजलेलं पहिलं उदाहरण. एका गल्लीतल्या किंवा परिसरातल्या साधारण हजारभर रहिवाशांनी एकत्र यायचं, समिती करायची, वॉर्ड ऑफिसात नोंद करायची. ओला-सुका कचरा घरातच वेगळा करायचा, ओल्याचं खत करायचं. नंतर फुटपाथ, गटारं, झाडं असे विषयही जोडले गेले.

यात सरकारी मदत म्हणजे चेक नव्हे. मदत आहे ती मान्यतेची. तुम्ही एकटे गेलात तर तक्रारदार, एएलएम म्हणून गेलात तर वॉर्ड ऑफिसच्या टेबलासमोर खुर्ची मिळते. हा फरक छोटा वाटतो, पण छोटा नाही. मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि निवडणूक झाली थेट जानेवारी 2026 मध्ये. मधली जवळपास चार वर्षं मुंबईत नगरसेवकच नव्हते. अशा वेळी जिथे एएलएम जागी होती, तिथे लोकांना ठोठावायला निदान एक ओळखीचं दार होतं.

मग अडलं कुठे?

त्या शनिवारी मी गेलो. अकरा खुर्च्या, चहा, ग्लुकोजची बिस्किटं. मी सोडून सगळे साठीच्या पुढचे! खताच्या पिटाची किल्ली एका काकांकडे, पत्रव्यवहाराची वही दुसऱ्यांकडे. वहीवाले काका पुढच्या महिन्यात मुलाकडे पुण्याला कायमचे जाणार होते. "आता वही कोण घेणार?" काकूंनी विचारलं. सगळे चहात बघायला लागले.

खरी मेख इथे आहे. महापालिका मान्यता देऊ शकते, अधिकारी नेमून देऊ शकते, पण खुर्चीवर येऊन बसणारा माणूस कुठून आणणार? अनेक एएलएम थाटात सुरू झाल्या आणि पुढे कागदावरच उरल्या. उत्साही लोक थकले, मागून कोणी आलं नाही. आपण मात्र ऑफिसच्या 'व्हॉलंटिअरिंग डे'ला टी-शर्ट घालून समुद्रकिनारा साफ करतो, फोटो टाकतो आणि घरी येऊन ओला-सुका एकाच पिशवीत कोंबतो. (मी कोंबायचो. काकू साक्षीदार आहेत!)

वही मी घेतली. महिन्यातून दोन तास जातात. दोन पत्रं लिहायची, एक फेरी मारायची, एक मीटिंग. एका सिनेमापेक्षा कमी वेळ.

तुम्हालाही जमेल. वॉर्ड ऑफिसात जाऊन विचारा, आमच्या गल्लीची एएलएम आहे का? असेल तर पुढच्या मीटिंगला जाऊन नुसते बसा. नसेल तर शेजारच्या चार बिल्डिंगांना विचारा. आणि हो, जायच्या आधी आपला डबा कुठल्या पिशवीत टाकला होता ते आठवून ठेवा. कुणीतरी काकू विचारणारच!