नाव असलेली तलवार आणि नाव हरवलेल्या तलवारी

नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघुजी भोसले यांची तलवार २९ एप्रिल २०२५ रोजी लंडनमध्ये सोथबीजच्या लिलावात आली, तेव्हा महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत ती विकत घेतली आणि सुमारे ४७ लाख १५ हजार रुपये खर्चून १८ ऑगस्टला मुंबईत आणली. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती लागलेल्या ऐवजात ती गेली असावी, असे अनुमान आहे.

ही तलवार फिरंग प्रकारची आहे, म्हणजे तिचे सरळ, एकधारी पाते युरोपात घडलेले असून मूठ देशी, मुल्हेरी घाटाची आहे आणि त्या मुठीवर कोफ्तगरी, म्हणजे खरवडलेल्या लोखंडात सोने ठोकून बसवण्याचे नाजूक काम, केलेले आहे. मात्र सर्वांत मोलाचा आहे तो पात्याच्या पाठीवरचा सोन्याचा देवनागरी लेख, कारण त्यात रघुजींचे नाव त्यांच्या ‘सेनासाहेब सुभा’ या पदासह येते आणि त्यामुळे दोन शतकांनंतरही शस्त्र कोणाचे हे शस्त्रच सांगते. तरीही ती परतली ती बोली लावून, आणि वंशजांकडे नव्हे तर शासनाकडे.

परदेशी गेलेल्या जपानी तलवारींना मात्र नावाचा हा आधार सहसा नसतो. मुठीच्या आत दडणाऱ्या पात्याच्या भागाला नाकागो म्हणतात आणि त्यावर लोहार स्वतःचे नाव, कधी घडणीची तिथीही कोरतो. धारकाचे नाव तेथे क्वचितच आढळते. जपानच्या १९४५ च्या शरणागतीनंतर विजयी सैनिकांनी आठवण म्हणून नेलेल्या तलवारींपैकी काहींना धारकाने नाव-गाव लिहून चिठ्ठी बांधली होती, आणि ती गळून पडली की कुटुंबापर्यंतची वाटच बुजते. मुठीवरचे कुलचिन्हही पुरेसे ठरत नाही, कारण एकच चिन्ह अनेक कुळे वापरतात.

होन्जो मासामुने ही तर राष्ट्रीय निधी ठरलेली तलवार. तिचे धारक तोकुगावा इएमासा यांनी ती डिसेंबर १९४५ मध्ये टोकियोच्या मेजिरो पोलीस ठाण्यात जमा केली, पुढच्याच महिन्यात ती एका अमेरिकन सैनिकाकडे गेली आणि नोंदीतले त्याचे नाव कोणाशीही न जुळल्याने तिचा माग आजही लागलेला नाही.

अशी तलवार परत करायला कुटुंब सापडले तरी जपानचा १९५८ चा शस्त्रकायदा उरतोच, कारण त्यानुसार पारंपरिक रीतीने घडवलेली, कलामूल्य असलेली तलवारच नोंदवता येते, तर युद्धकाळात कारखान्यात यंत्राने काढलेली तलवार नोंदीस अपात्र ठरते आणि वारसांना ती बाळगता येत नाही. हा निकष कलेच्या रक्षणासाठी योग्य असला तरी येथे तो अपुरा पडतो, कारण रणांगणावरून न परतलेल्या मुलाच्या घरच्यांना पात्याच्या कलेशी नव्हे, तर ती तलवार त्याच्याच कमरेला होती याच्याशी कर्तव्य असते.