लक्ष्मी तलाव आणि दाजीपूरचे रान

कोल्हापूरहून राधानगरीस जाताना उसाचे मळे मागे पडतात, डोंगर जवळ येतात आणि एका वळणावर भोगावतीचे अडविलेले विस्तीर्ण पाणी दृष्टीस पडते. हाच राजर्षी शाहू छत्रपतींच्या संकल्पनेतून साकारलेला लक्ष्मी तलाव.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस करवीर संस्थानाने दुष्काळाचे चटके सोसले होते. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस वाहून जातो आणि उन्हाळ्यात रयत तहानलेली राहते, ही विसंगती महाराजांना अस्वस्थ करीत होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात धरणाचे काम सुरू झाले. पुढे निधीअभावी ते थांबले. १९२२ साली महाराजांचे निधन झाले. पूर्ण झालेले धरण पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. स्वातंत्र्योत्तर काळात ते पूर्णत्वास गेले. धरणाला पत्नी लक्ष्मीबाईंचे, तर गावाला कन्या राधाबाईंचे नाव लाभले.

या धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे आजही कुतूहलाचा विषय आहेत. पाणी ठरावीक पातळीस पोहोचताच त्याच्याच दाबाने ते उघडतात आणि पातळी उतरताच मिटतात. त्यासाठी ना वीज लागते, ना माणसाचा हात. मात्र दरवाजा उघडल्याची वार्ता येताच पंचगंगाकाठची गावे सावध होतात. २०१९ च्या महापुराची आठवण शिरोळ-हातकणंगल्यातील घराघरांत अजून ताजी आहे.

जलाशयाभोवतीचे दाजीपूरचे अरण्य १९५८ साली गव्यांसाठी राखीव झाले. १९८५ मध्ये त्याचा विस्तार होऊन सुमारे ३५१ चौरस किलोमीटरचे राधानगरी अभयारण्य अस्तित्वात आले. २०१२ साली पश्चिम घाटासमवेत त्याला जागतिक वारशाचा मान मिळाला. जांभूळ, अंजनी, हिरडा यांच्या दाट सावलीत शेकरू बागडते. पहाटे गव्यांचे कळप सड्यावर चरतात.

वस्तुतः या रानाचे आणि पाण्याचे नाते मायलेकरांचे आहे. झाडांची मुळे माती धरून ठेवतात, पाऊस जमिनीत मुरवतात आणि ओढे दीर्घकाळ वाहते ठेवतात. डोंगर उघडे पडले, तर त्यांची माती धरणातच येऊन साचेल. भिंत कितीही भक्कम असली, तरी गाळाने भरलेला तलाव कोणाची तहान भागविणार?

आपल्या शेतातील उसाला मोकाट पाणी सोडताना हे रान आठवावे. महाराजांनी पाणी अडविले ते पुढच्या पिढ्यांसाठी; आपण ते जपून वापरले, तरच त्यांचे ऋण काही अंशी फिटेल.