निळा आधी का दमतो?

मेळघाटातल्या धारणीत दिवाळीची लाइटिंग लावताना एक प्रश्न हमखास निघतो. रंग बदलणाऱ्या एलईडी पट्टीचं पाच मीटरचं रीळ ओसरीच्या कडेनं लावलं, घर मोठं म्हणून त्यालाच पुढं दुसरं रीळ जोडलं, रिमोटवर पांढरा रंग दाबला, की कोणीतरी विचारतं, ‘‘इकडं पांढरा, अन् तिकडं लालसर काऊन दिसते?’’ पट्टी लांब झाली, हे त्याचं उत्तर. उत्तर बरोबरच आहे. पण दूरच्या टोकाला निळाच आधी का मंदावतो, हे खोदत गेलं की आपण थेट 2014 सालच्या भौतिकशास्त्राच्या नोबेलपाशी पोचतो.

आधी पट्टी जवळून पाहू. तिच्यावरचा प्रत्येक दिवा 5 मिलिमीटर लांब आणि 5 मिलिमीटर रुंद, म्हणून बाजारात त्याला 5050 म्हणतात. त्याच्या पोटात तीन बारीक स्फटिक असतात : लाल, हिरवा आणि निळा. पिवळा त्यात नाही, जांभळा नाही आणि पांढराही नाही. आपल्या डोळ्यात रंग टिपणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या आहेत. लाल आणि हिरवा प्रकाश त्यांच्यावर एकदम पडला की मेंदू ‘पिवळा’ असा निवाडा देतो. म्हणजे ओसरीवरचा पिवळा रंग पट्टीत नसतोच, तो पाहणाऱ्याच्या डोक्यात तयार होतो!

हे घरी पडताळता येतं. जुनी सीडी घ्या आणि तिच्या चकचकीत बाजूवर पणतीचं प्रतिबिंब तिरकं पाडा. तांबड्यापासून हिरव्यापर्यंत रंग सलग पसरलेले दिसतील. आता पट्टी पिवळ्यावर ठेवून तेच करा. एक लाल पट्टा, एक हिरवा पट्टा आणि मधे, जिथं पिवळा असायला हवा, तिथं अंधार. मला तरी रोषणाईतलं हे सर्वांत मोठं नवल वाटतं.

रंग कमी-जास्त करण्याची युक्तीही अशीच आहे. कंट्रोलर दिवा मंद करत नाही, तो सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतो. चालू राहण्याचा वेळ घटवला की डोळ्याला उजेड घटल्यासारखा वाटतो. मोबाइलच्या व्हिडिओत कधीकधी जे सरकते पट्टे दिसतात, ते या उघडझापीचेच.

आता निळ्याची गोष्ट. एलईडीत इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवरून खाली येतो आणि सुटलेली ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. जेवढी उंची जास्त, तेवढा प्रकाश निळ्याकडे झुकलेला. लाल प्रकाशाच्या कणापेक्षा निळ्याच्या कणात सुमारे एक-तृतीयांश ऊर्जा जास्त असते. लाल एलईडी निक होलोनियाक यांनी अमेरिकेत 1962 मध्येच उजळवला. निळ्यासाठी मात्र गॅलियम नायट्राइडचा निर्मळ स्फटिक हवा होता आणि तो जमता जमत नव्हता. जपानमध्ये इसामु आकासाकी आणि हिरोशी आमानो यांनी 1986 मध्ये नीलमाच्या चकतीवर अॅल्युमिनियम नायट्राइडचा पातळ थर देऊन त्यावर असा स्फटिक वाढवला. शुजी नाकामुरा यांनी 1993 मध्ये लखलखीत निळा एलईडी जगापुढं आणला. लालनंतर तीस वर्षांहून जास्त काळ लागला, आणि निळा आल्यावरच रंगांचं त्रिकूट पुरं झालं. तिघांना मिळून नोबेल मिळालं ते याच कामासाठी.

निळ्याची ही जास्तीची भूक तुमच्या ओसरीवरही तशीच राहते. लाल एलईडीला सुमारे 2 व्होल्ट लागतात. निळ्याला आणि हिरव्याला सुमारे 3. बारा व्होल्टांच्या पट्टीत तीन-तीन दिवे ओळीनं जोडलेले असतात आणि प्रत्येक रंगाच्या तिकडीला प्रवाह आवरणारा रोधक असतो. लाल तिकडी 6 व्होल्ट घेते आणि उरलेले 6 रोधकावर पडतात. निळी तिकडी 9 घेते, रोधकाला 3 उरतात. पट्टीतलं तांबं कागदासारखं पातळ असल्यानं दूरच्या टोकाला, समजा, साडेदहा व्होल्टच पोचले. लालच्या रोधकावर साडेचार उरले, म्हणजे प्रवाह पाऊण राहिला. निळ्याच्या रोधकावर दीडच उरला, प्रवाह निम्मा झाला. हिरव्याचंही तसंच. म्हणून तिकडं लालसर.

उपाय सोपा आहे. अडॅप्टरची तार घराच्या मधोमध आणा आणि दोन्ही बाजूंना पाच-पाच मीटर सोडा. मीटरला 60 दिवे असतील तर पाच मीटर पट्टी पूर्ण पांढऱ्यावर 72 वॅट, म्हणजे 6 अँपिअर ओढते. अशी दोन टोकं सांभाळणारा अडॅप्टर आणि कंट्रोलर 12 अँपिअरच्या वरचेच हवेत. पट्टी तांब्याच्या खुणेवरच कापायची, कारण तिकडी तिथंच संपते. रीळ गुंडाळलेलं असताना ती फार वेळ पेटवू नका, तापते. शेणामातीच्या भिंतीला किंवा कवेलूला तिचा गोंद धरत नाही. बांबूच्या सरळ कमचीवर पट्टी चिकटवून कमचीच बांधलेली बरी. आणि थेट 230 व्होल्टांवर चालणारी पट्टीही बाजारात मिळते. लहान मुलांच्या हाताला येईल अशा पायरीवर ती अजिबात लावू नये, हे मी आग्रहानं सांगेन.

मेळघाटाच्या आतल्या गावांसाठी या बारा व्होल्टांचं मोल वेगळंच आहे. सौर दिव्याची बॅटरीही बऱ्याचदा बारा व्होल्टांचीच असते, त्यामुळे लाइन नसली तरी इन्व्हर्टरशिवाय पट्टी तिच्यावर लागते. फक्त धन तारेत फ्यूज टाका आणि पट्टी संध्याकाळीच लावा. उन्हात चार्ज होताना बॅटरी 14 व्होल्टांच्या आसपास जाते आणि तेव्हा निळी तिकडीच सर्वांत जास्त ताणली जाते. पांढऱ्याऐवजी लाल, हिरवा किंवा निळा असा एकच रंग ठेवला, तर तीच बॅटरी जवळजवळ तिप्पट वेळ पुरते.